उंची कमी असेल तर पहिली मोटारसायकल घेताना या चुका टाळा

नवशिका माणूस गाडीवरून पडतो तो बहुतेक वेळा थांबताना किंवा वळवताना. चाळीसच्या वेगात पाच फुटी आणि सहा फुटी चालकात काहीच फरक नसतो. फरक कळतो तो लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात दर वीस फुटांवर पाय टेकवावा लागतो तेव्हा, नाहीतर पावसाळ्यात शेताकडे जाणाऱ्या पांदीच्या तोंडाशी गाडी फिरवताना. गाडी निवडताना विचार करायचा तो या जागांचा.

फक्त सीटची उंची बघून गाडी ठरवणे

स्प्लेंडर प्लसची सीट ७८५ मिमी, रॉयल एनफिल्ड हंटर ३५० ची ७९० मिमी. कागदावर पाच मिलिमीटरचा फरक, म्हणून 'हिच्यावर पाय टेकतात तर तिच्यावरही टेकतील' असं वाटतं. टेकतातही. पण स्प्लेंडरचं वजन ११२ किलोच्या आसपास आणि हंटरचं १८० च्या आसपास. गाडी जरा कलली की हे जास्तीचं वजन, म्हणजे गव्हाच्या पोत्याहून अधिक, एकाच पायावर येतं. आणि तो पाय नुसत्या चवड्यावर असेल तर गाडी सावरत नाही. उलट प्लॅटिना १०० ची सीट ८०७ मिमी, हंटरपेक्षा उंच, पण गाडी ११७ किलोची. बारीक अंगाच्या नवशिक्याला तीच जास्त झेपते. शाईन १०० तर १०० किलोच्या आतच आहे, सीट ७८६ मिमी. पहिल्या वर्षासाठी ९९ ते १२५ किलोच्या पट्ट्यातली गाडी घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. मित्र काय म्हणतील ते म्हणू देत.

अ‍ॅव्हेंजरची सीट ७३७ मिमी, म्हणून तिचं नाव हमखास सुचवलं जातं. तळवे पूर्ण टेकतात हे खरं. पण तिच्यातली स्ट्रीट १६० दीडशे किलोच्या वर भरते, लांबीला मोठी आहे आणि फूटरेस्ट पुढे आहेत. अरुंद बोळात यू टर्न घेताना आखूड हातांच्या माणसाला बाहेरच्या बाजूचं हँडल पुरत नाही.

माप न घेता शोरूममध्ये जाणे

आधी घरी माप घ्या. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये घट्ट वर सरकवा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून फरशीपर्यंत मोजा. सीट या मापापेक्षा चार-पाच सेंटिमीटरने उंच असली तरी साधारणपणे दोन्ही चवडे टेकतात, कारण बूट थोडी उंची देतात आणि बसल्यावर शॉकअप थोडा दबतो. पण सीट पुढून रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि ही सवलत तिथेच संपते. म्हणून टाकीजवळ सीट किती निमुळती आहे ते बघाच.

शोरूममध्ये गाडी डबल स्टँडवर असते. तिच्यावर बसून काहीच कळत नाही. खाली उतरवायला सांगा, रोज घालणार तीच चप्पल किंवा बूट घालून बसा, आणि गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुकवून बघा. मग उतरून ती मागे ढकला. शेवटी बाहेरच्या रॅम्पवर न्या. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे कडेला थांबलं की डाव्या पायाला जमीन आणखी खोल लागते. फरशीवर टेकणारा पाय तिथे अधांतरी राहतो. साइडपट्टी खचलेली असेल तर दोन फूट आधी, डांबरावरच थांबायची सवय लावा.

गाडी खाली करण्याची घाई

शॉकअप कापून किंवा वेल्डिंग करून गाडी खाली करणारे गॅरेजवाले सगळीकडे आहेत. त्यांच्या नादी लागू नका. मागची बाजू खाली गेली की साइड स्टँड लांब पडतो, गाडी जवळपास सरळ उभी राहते आणि वाऱ्याच्या झुळकेने उजवीकडे आडवी होते. इंजिन गतिरोधकाला घासतं, हेडलाइट आभाळाकडे बघतो.

त्याआधी फुकटातला उपाय करा. दोन शॉकअपच्या बहुतेक गाड्यांना खाली स्प्रिंग कडक-नरम करायची पाच खाचांची चकती असते. पन्नास किलोच्या माणसाखाली स्प्रिंग पुरेशी दबत नाही. टूल किटमधल्या पान्याने ती चकती सगळ्यात नरम खाचेवर आणा, दोन्ही बाजूंना सारखीच. बसल्यावर सेंटिमीटरभर फरक पडतो. मागे माणूस किंवा दुधाचे कॅन असतील त्या दिवशी परत कडक करायची, नाहीतर खड्ड्यात मागचा भाग आपटतो.

तरी कमी पडलं तर सीटवाल्याकडे जा. त्याला आधी सीटच्या पुढच्या भागाच्या दोन्ही कडा तासायला सांगा. वरून फोम काढण्यापेक्षा याने पाय सरळ खाली जातो. वरून दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त फोम काढला तर वीस किलोमीटरनंतर खालचा पत्रा टोचू लागतो. रेक्झिनखाली प्लास्टिकचा कागद घालून घ्या, म्हणजे फोम पावसात पाणी पिणार नाही.

क्लच हाताला न बसवणे

बोटं आखूड असतील तर क्लच अर्धवट दाबला जातो आणि गाडी धक्का देऊन बंद पडते. नवशिक्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. आधी लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी मोकळा खेळ, म्हणजे क्लच लागण्याआधी लिव्हर नुसता हलण्याइतकी जागा, आहे का बघा. क्लचची वायर ढिली असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, न्यूट्रल सापडत नाही. खेळ अजिबात नसेल तर क्लचच्या प्लेटा घासून जळतात. मग लिव्हरच्या पकडीचा बोल्ट सैल करून लिव्हर असा फिरवा की मनगट न वाकवता बोटं त्यावर यावीत. वायर कोरडी पडली असेल तर तेल सोडा, दाब लगेच हलका होतो. लिव्हर हाताने वाकवायला जाऊ नका, मोडतो.

दोन्ही पाय टेकवण्याचा हट्ट

थांबताना डावा पाय खाली, उजवा मागच्या ब्रेकवर. दौलताबादहून खुलताबादकडे चढताना गाड्या खोळंबल्या की याची किंमत कळते. उजवा पाय खाली टेकवला तर ब्रेक सुटतो आणि गाडी मागे घसरते. चढावर मागचा ब्रेक दाबून ठेवा, थोडी रेस द्या, क्लच हळूहळू सोडा. इंजिनाचा आवाज बसला की मग ब्रेक सोडा. हँडल वळलेलं असताना, अगदी कमी वेगात, पुढचा ब्रेक करकचून लावायचा नाही. १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक नव्या गाड्यांना सीबीएस असतं, म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. त्याचा अंदाज मोकळ्या मैदानात घ्या.

काळ्या मातीचा चिखल पुढचं चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अडकून चाक जाम होतं. अशा वाटेवर गाडी बंद करा, उतरा आणि काडीने माती काढा. बसल्या बसल्या पाय मारत रेटायला गेलात की चवडा घसरतो. ओल्या मातीत साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवा. गाडी लावताना तोंड बाहेरच्या दिशेला. उताराकडे तोंड करून लावलेली गाडी हलक्या माणसाला मागे ओढता येत नाही.

पडलेली गाडी कंबरेने उचलणे

आधी किल्ली बंद करा. गाडी गिअरमध्ये टाका, उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवा. गाडीकडे पाठ करा, सीटच्या कडेला बूड टेकवा, एका हाताने जमिनीकडचं हँडल धरा, दुसऱ्याने मागची कॅरियरची दांडी. पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर छोटी पावलं मागे टाकत या. गाडी उभी राहिली की निघण्याआधी ब्रेकचा पेडल इंजिनाला टेकत नाही ना आणि हँडल सरळ असताना चाक सरळ आहे ना, हे तपासा. चाक तिरकं दिसलं तर गॅरेजपर्यंत हळू न्या, तिथे पुढच्या फोर्कचे बोल्ट सैल करून ते पुन्हा सरळ बसवून मिळतं.