शेततळ्यातली चिलापी: पिल्लं आवरा, मासा वाढेल

पाच महिने खाद्य घातलं, पाग (फेकजाळं) टाकला आणि वर आलं काय? पावशेराचे दोन-चार मासे, बाकी सगळी बोटाएवढी पिल्लं. तिलापिया, म्हणजे आपल्या उजनीकडची चिलापी, पाळणाऱ्यांची ही ठरलेली रड. मग दोष खाद्याला जातो, नाहीतर पाण्याला. खरं तर तळ्यात माशांचा संसार वाढलेला असतो. रोहू-कटल्याला तळ्यात वीण करायला लावायची तर इंजेक्शन द्यावं लागतं. चिलापीला आवरावं लागतं.

नर तळातल्या गाळात थाळीएवढा खळगा करतो. मादी त्यात अंडी घालते, नर ती फळवतो, आणि मादी लगेच ती तोंडात घेते. पुढचे दहा-बारा दिवस अंडी आणि पिल्लं तिच्या तोंडातच. तेवढे दिवस ती जवळजवळ काही खात नाही. पिल्लं सुटली की महिना-दीड महिन्यात पुन्हा तयार. अशी मादी वाढणार कधी? नर मात्र झपाट्याने वाढतो, म्हणून तळ्यात सगळे नरच हवेत.

बीज घेताना

चिलापी पाळायला मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते. ती आधी काढा आणि मान्यताप्राप्त केंद्रातूनच 'गिफ्ट' जातीचं एकलिंगी, म्हणजे नरांचंच, बीज (पिल्लं) घ्या. फिलिपिन्समध्ये 1988 साली सुरू झालेल्या निवड पैदाशीतून ही जात तयार झाली. एकलिंगी करण्यासाठी पिल्लं खायला लागताच पहिले तीन-चार आठवडे त्यांना संप्रेरक मिसळलेलं खाद्य देतात. "हार्मोनचा मासा का?" असं गिऱ्हाईक विचारतंच. हे खाद्य पिल्लू ग्रॅमभराचंही नसताना बंद होतं, आणि मासा बाजारात येईपर्यंत त्याचा अंश उरत नाही. हे काम केंद्राचं. घरी करून बघू नका.

'सगळे नर' म्हणजे शंभर टक्के कधीच नाही. 2,000 माशांत 3 टक्के माद्या निघाल्या तरी त्या 60 झाल्या. प्रत्येकीने एका वेळी 200 पिल्लं सोडली तर 12,000. ती तुमचंच खाद्य खाणार.

नर-मादी पारखा

मासे 30-40 ग्रॅमचे झाले की पन्नासेक पकडा. ओल्या हाताने मासा उताणा धरा आणि पोटाखाली, शेपटीकडच्या पराच्या पुढे, कापसाने मिथिलीन ब्लूचा एक थेंब लावा. निळ्या रंगात छिद्रं उठून दिसतात. नराला दोन: एक गुदद्वार, दुसरं त्यामागच्या टोकदार उंचवट्याच्या टोकाला. मादीला तीन, आणि मधलं आडव्या चिरेसारखं. पहिले दहा मासे गोंधळ होतो, मग नजर बसते. माद्या जास्त निघाल्या तर त्या वेगळ्या काढा, किंवा चिलापी 50-60 ग्रॅमची झाल्यावर थोडी मरळीची बोटुकली सोडा. ती चिलापीची पिल्लं खाते. पिंजऱ्यात पाळत असाल तर ही कटकट कमी, अंडी जाळीतून खाली पडून जातात.

एखादी मादी गळ्याखाली फुगलेली दिसेल. तिला पागात धरली की ती मोहरीएवढी पिवळी अंडी भसकन थुंकते. म्हणजे वीण सुरू झाली.

पाणी आणि खाद्य

बीजाची पिशवी 15-20 मिनिटं तळ्यावर तरंगू द्या, मग थोडं थोडं पाणी आत घेत मासे सोडा. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नसेल तर चौरस मीटरला दोन-तीनच. सामू (पीएच) 6.5 ते 8.5 ठेवा. विरघळलेला प्राणवायू पहाटे मोजा, तेव्हाच तो सगळ्यात कमी असतो. लिटरला 4 मिलिग्रॅमच्या खाली गेला तर त्या सकाळी खाद्य नाही.

दर पंधरा दिवसांनी मासे तोला. 2,000 मासे सरासरी 100 ग्रॅमचे, म्हणजे 200 किलो. त्याच्या 3 टक्के, म्हणजे दिवसाला 6 किलो तरंगतं खाद्य. पंधरा-वीस मिनिटांत संपलं नाही तर उद्या कमी. थंडीत पाणी 20 अंशांखाली गेलं की मासा फारसं खात नाही. खाद्य दुपारीच घाला, तेही थोडं. तेव्हा जाळं ओढून खवले खरवडले की त्या जखमांवर कापसासारखी बुरशी धरते.

आजार ओळखा

खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. पाणी 30 अंशांच्या वर गेलं आणि मासा गोल गोल फिरू लागला, डोळे बाहेर आले किंवा दुधाळ झाले, तर स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचा संशय घ्या. आधी खाद्य तोडा, एरेटर चालू करा, मेलेले मासे रोज काढून चुना टाकून पुरा. मग आजारी पण जिवंत मासे प्रयोगशाळेत न्या. कुजलेल्या माशावरून काही कळत नाही. दुकानदाराने दिलेली प्रतिजैविकाची पुडी अंदाजाने खाद्यात कालवणं मला पटत नाही. पैसे जातात आणि पुढच्या वेळी औषध लागू पडत नाही.

बीज सोडल्यावर महिन्याभरात धडाधड मर लागली, तर तिलापिया लेक व्हायरसचीही तपासणी करून घ्या. भारतात त्याची नोंद 2018 मध्ये झाली. माणसाला तो होत नाही, पण माशासाठी औषधही नाही. म्हणून एका तळ्याचं जाळं दुसऱ्यात बुडवू नका. बगळे-पाणकावळ्यांसाठी वरून जाळी बांधा.

तळं रिकामं करताना

पाणी नाल्यात सोडू नका. एक मादी नदीला लागली तरी चिलापी तिथे पसरायला पुरे. बारीक जाळीतून उपसून शेताला द्या. शेवटी तळाच्या प्लॅस्टिक कागदावर साचलेला गाळ खरवडा आणि तळं चांगलं वाळू द्या. कोपऱ्यात वीतभर पाणी उरलं असेल तर त्यात ब्लीचिंग पावडर टाका, कारण तिथेच एखादी मादी तोंड मिटून बसलेली असते.