उन्हाळ्यात दर आठवड्याला डोंगर चढायचाय? मग हे बघा

ग्रुपवर "कोण कोण येतंय" विचारत बसलात तर कोणीच येत नाही, त्यापेक्षा वार आणि वेळ एकदाच फिक्स करून टाका, येतील ते येतील. उजाडायच्या आत पायथ्याशी पोचायचं आणि दहाच्या आत खाली, नंतर कातळ असा तापतो की हात टेकवत नाही. वेळेचा हिशोब सोपाय, सपाटीला 5 किमीला एक तास आणि दर 600 मीटर चढाला वरून अजून एक, गप्पा-फोटो वेगळे 😄 पाणी माणशी तासाला अर्धा लिटर तरी, अर्धं संपलं की परत फिरायचं, मग टॉप समोर दिसत का असेना. सगळ्यात हळू चालणारा पुढे ठेवा. कोणाला गरगरलं की लगेच सावलीत बसवा, मानेवर ओलं फडकं.