व्हॅक्यूमच्या नळ्या: कार्बोरेटरच्या गाडीवर हात बसवताना

आयटीआय करून गॅरेजला लागलेली पोरं हल्ली गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर झकास चालवतात. पण कार्बोरेटरवाली मारुती ८०० समोर आली, एअर क्लीनरचा डबा उचलला आणि खाली काळ्या नळ्यांचं जाळं दिसलं, की गप्प होतात. ७९६ सीसीच्या त्या तीन सिलिंडरच्या इंजिनाला स्कॅनर लावायला जागाच नाही. २००० सालाच्या आसपास कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं एमपीएफआय आलं. त्याआधीच्या गाड्या आता शौकीन लोक जीव लावून सांभाळतात आणि त्यांच्यावर काम करणारे मिस्त्री कमी होत चाललेत. त्यामुळे शिकणाऱ्याला इथे वाव आहे.

नवीन माणूस नळीचं एक टोक धरतो आणि दुसरं शोधत जातो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला मी आधी ही सवय सोडायला लावतो. तुमच्या आधी त्या बॉनेटखाली कितीजणांचे हात फिरलेत कोण जाणे. नळी आज जिथे लागलीय तिथेच ती लागायला हवी होती, याची हमी कोण देणार? म्हणून नळी बाजूला ठेवा आणि ती ज्या तोंडावर चढते ते तोंड ओळखा.

कार्बोरेटरमध्ये थ्रॉटलची चकती असते; पाय दाबला की ती उघडते. तिच्या खालचं, म्हणजे मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेच्या) बाजूचं तोंड आयडलिंगला, गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, हवा सगळ्यात जोरात ओढतं; हाच व्हॅक्यूम आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की त्याची ओढ जवळजवळ संपते. दुसरं तोंड चकतीच्या किंचित वर असतं. आयडलिंगला तिथे काहीच नसतं. चकती जराशी उघडली की ओढ सुरू होते. इंजिन चालू ठेवून एकेका तोंडावर बोट ठेवा, दुसऱ्या हाताने थ्रॉटल थोडा उघडा. कुठलं तोंड कुठल्या जातीचं ते बोटालाच कळतं. पंख्यापासून हात आणि बाही दूर ठेवा, एवढं मात्र पाळा.

आता प्रत्येक भागाला काय लागतं ते बघा. ब्रेक हलका करणारा बूस्टर असेल तर त्याला कायमची ओढ हवी, म्हणून जाड नळी थेट मॅनिफोल्डवर येते आणि तिच्या वाटेत एकाच दिशेने हवा सोडणारा व्हॉल्व्ह असतो. पीसीव्हीची, म्हणजे इंजिनाच्या पोटातला तेलाचा धूर परत ओढून घेणारी नळीही मॅनिफोल्डकडेच. एसीची गाडी असेल तर आयडल वाढवणाऱ्या डायफ्रामची नळी विजेवर उघडणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हमधून फिरून येते. ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर ठिणगीची वेळ (टायमिंग) अलीकडे आणणाऱ्या व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची नळी मात्र बहुतेक गाड्यांत चकतीच्या वरच्या तोंडाची. बहुतेक म्हणतोय, सगळ्या नव्हे. काही अमेरिकन इंजिनांत तिला मॅनिफोल्डचीच ओढ देतात. त्या त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधली आकृती शेवटचा शब्द. अमेरिकेत विकलेल्या गाड्यांच्या बॉनेटखाली नळ्यांच्या नकाशाचं स्टिकर असायचं. आपल्याकडे ते चैनीचं काम.

या एका नळीपायी काय रामायण होतं ते सांगतो. साताऱ्याहून एक गाडी आली. तक्रार अशी की सपाटीला ठीक चालते, खंबाटकी घाटात दम सोडते आणि तापते. कार्बोरेटर आधीच दोनदा उघडून झाला होता. पाहिलं तर अ‍ॅडव्हान्सची नळी मॅनिफोल्डच्या तोंडावर, आणि चकतीच्या वरच्या तोंडावर नळीचा तुकडा लावून त्यात सायकलचा छर्रा ठोकलेला. त्यामुळे आयडलिंगलाच पूर्ण अ‍ॅडव्हान्स मिळत होता. कुणीतरी ती नळी न काढताच टायमिंग लाइटने खूण जुळवली, म्हणजे मूळ टायमिंग तेवढं मागे गेलं. आयडलिंगला सगळं बरोबर दिसायचं. घाटात पाय दाबला की व्हॅक्यूम गेला, त्याच्यासोबत अ‍ॅडव्हान्स गेला, हाती उरलं ते मागे पडलेलं टायमिंग. गाडी ओढणार कशी? नळी जागेवर लावली, मग ती काढून तोंड बंद करून टायमिंग नव्याने जुळवलं, नळी परत चढवली आणि शेवटी आयडलचा स्क्रू बसवला. ‘पिकअप नाही’ ऐकताच कार्बोरेटरचा जेट (पेट्रोलचं बारीक भोक) बदलायला धावू नका, असं मी म्हणतो ते यामुळे.

नळीतून हवा आत शिरतेय का, म्हणजे गळती, शोधताना व्हॅक्यूम गेज जवळ असावा. धडधाकट इंजिन समुद्रसपाटीला आयडलिंगवर साधारण १८ ते २१ इंच पारा दाखवतं. दर हजार फूट उंचीला सुमारे एक इंच कमी धरायचा. महाबळेश्वरच्या गाडीला मुंबईचा आकडा लावलात तर नसलेली गळती शोधत बसाल. जागा सापडवायला नळीच्या सांध्यांवर साधं पाणी फवारा; आयडलिंग बदललं की जागा सापडली. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे वापरणारे पुष्कळ आहेत, पण खाली सायलेन्सरचा मॅनिफोल्ड तापलेला असतो आणि तो स्प्रे पेट घेतो. मी पाण्यावरच भागवतो.

जुनी नळी बहुतेकदा टोकाला तडकलेली असते, मधे चांगली असते. लांबी पुरत असेल तर टोक कापून पुन्हा चढवता येते, पण दाबून कडक लागली तर बदलाच. रंगीत सिलिकॉनच्या नळ्या बाजारात मिळतात, दिसायलाही छान. नुसत्या व्हॅक्यूमला चालतील. पेट्रोलची वाफ किंवा तेलाचा धूर जातो तिथे सिलिकॉन टिकत नाही, तिथे पेट्रोलला टिकणारं रबरच लागतं.

काढण्याआधी फोटो काढा, आणि नळीवर व तिच्या तोंडावर एकाच नंबराची चिकटपट्टी लावा. नुसत्या फोटोत मागच्या बाजूच्या नळ्या कधीच दिसत नाहीत. सगळं जोडून झालं की बूस्टर तपासल्याशिवाय चावी देऊ नका. इंजिन बंद ठेवून ब्रेकचं पेडल चार-पाच वेळा दाबा, शेवटी पाय दाबून धरा आणि स्टार्ट करा. पेडल पायाखाली जरासं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर जाड नळी आणि तिच्यातला व्हॉल्व्ह पुन्हा बघा.