मिक्सरचं बिल पुसट होण्याआधी

दुकानात मिळणारं गुळगुळीत कागदाचं बिल काही महिन्यांत पुसट होतं, आणि नेमकं वॉरंटीच्या वेळी त्यावरची तारीख वाचता येत नाही.

१. वस्तू घरी आणली त्याच दिवशी बिलाचा फोटो काढा. तारीख, रक्कम, दुकानाचं नाव स्पष्ट दिसू द्या.

२. वस्तूच्या तळाशी किंवा मागे सीरियल नंबरचा स्टिकर असतो, त्याचाही फोटो घ्या. हा हमखास राहून जातो, आणि तक्रार नोंदवताना बहुधा तोच आधी विचारतात.

३. दोन्ही फोटो स्वतःलाच ईमेल करा, विषयात ‘मिक्सर बिल’ लिहा. फोन बदलला तरी सापडतील.

मूळ बिलही जपून ठेवा, पण लॅमिनेशन मात्र करू नका. उष्णतेने हा कागद काळा पडतो.