सीआयमध्ये प्रोजेक्ट बनवणारी कमांड आपलं ऐकत नाही तेव्हा

आमच्याकडे सीआयवर (म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर) रोज रात्री २ वाजता एक जॉब चालतो. कोऱ्या मशीनवर नेक्स्ट या वेब फ्रेमवर्कचा नवा प्रोजेक्ट बनवायचा, त्यात आमची कंपोनंट लायब्ररी टाकायची आणि बिल्ड होतंय का ते बघायचं. स्क्रिप्ट माझीच. लॅपटॉपवर चारदा चालवली आणि निवांत घरी गेलो. सकाळी जॉब लाल. म्हणे ‘पेज.जेएस’ नावाची फाइलच नाही. फोल्डरमध्ये होती ‘पेज.टीएसएक्स’, म्हणजे साध्या जावास्क्रिप्टऐवजी टाइपस्क्रिप्टची (टाइप तपासणाऱ्या जावास्क्रिप्टची) फाइल. आणि टाइपस्क्रिप्ट तर मी मागितलंच नव्हतं.

पण नकोय असंही कुठे सांगितलं होतं? नेक्स्टचा प्रोजेक्ट बनवणारं टूल, क्रिएट-नेक्स्ट-अॅप, तुमची मागची उत्तरं होम फोल्डरमध्ये जपून ठेवतं. मी कधीतरी टाइपस्क्रिप्टला ‘नो’ म्हटलेलं, तेच लॅपटॉपवर पुढे आलं आणि मी न वाचता एंटर दाबत गेलो. सीआयचं मशीन दर वेळी कोरं, त्याला माझी आवड कुठून कळणार? शिवाय आपण सीआयमध्ये आहोत हे ओळखलं की हे टूल प्रश्नच विचारत नाही. जे सांगितलं नसेल ते स्वतःच ठरवतं, आणि भाषेच्या बाबतीत टाइपस्क्रिप्ट धरून चालतं.

म्हणून पहिलं काम: बिघाड आपल्या मशीनवर घडवून आणा. कमिट करा, पुश करा, पाच मिनिटं लॉगकडे टक लावून बसा, हा धंदा नको. कमांडच्या आधी ‘सीआय=ट्रू’ लावा आणि शेवटी इनपुट ‘/डेव्ह/नल’ या कायम रिकाम्या फाइलमधून द्या (टर्मिनलमध्ये अर्थात रोमन अक्षरांत). या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही टूल्स सीआय हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (कमांडला बाहेरून मिळणारी सेटिंग) बघतात, तर काही समोर कीबोर्डवाला माणूस आहे का एवढंच बघतात. गिटहब अॅक्शन्स आणि गिटलॅब हा व्हेरिएबल आपोआप लावतात. जेनकिन्सला त्याच्या इतर व्हेरिएबलांवरूनही बरीच टूल्स ओळखतात. जुनी उत्तरं मध्ये येऊ नयेत म्हणून होम हा व्हेरिएबलसुद्धा एखाद्या रिकाम्या फोल्डरकडे वळवा.

आता तुम्ही पर्याय दिलाय आणि तरी तो पोचत नाही, ही खरी डोकेदुखी. इथे चोर बहुतेकदा एनपीएम, म्हणजे जावास्क्रिप्टची पॅकेजं आणणारं आणि चालवणारं टूल, असतो. आवृत्ती ७ पासून ‘एनपीएम क्रिएट व्हीट’ला (व्हीट हे प्रोजेक्ट बनवणारं आणखी एक टूल) पर्याय द्यायचे तर मध्ये सुटे दोन डॅश लागतात: माय-अॅप, मग --, मग --टेम्प्लेट रिअॅक्ट. ते विसरलात तर --टेम्प्लेट हा आपल्यासाठीच आहे असं समजून एनपीएम तो गिळून टाकतं. नव्या एनपीएममध्ये लॉगला एक ओळ दिसते, ‘>’ ने सुरू होणारी, तीत प्रत्यक्षात काय चाललं ते असतं. तिथे ‘क्रिएट-व्हीट माय-अॅप रिअॅक्ट’ एवढंच दिसलं की समजा, टेम्प्लेट गेलं आणि बिचारं रिअॅक्ट पोरकं झालं. एनपीएमसारखंच दुसरं टूल पीएनपीएम, त्याला हे जादाचे डॅश लागत नाहीत, त्यामुळे एकाच्या रीडमीतली ओळ दुसऱ्याकडे चिकटवली की हमखास घोळ होतो. लॅपटॉपवर हे लक्षातही येत नाही, कारण टेम्प्लेट मिळालं नाही तर व्हीट सरळ विचारतं आणि आपण बाण दाबून निवडतो.

सीआयमध्ये बाण दाबायला कोण बसलंय? क्रिएट-व्हीटच्या जुन्या आवृत्त्या अशा वेळी ‘ऑपरेशन कॅन्सल्ड’ छापून गपगुमान बाहेर पडायच्या, तेही एक्झिट कोड ०, म्हणजे ‘सगळं ठीक’, देऊन. म्हणजे स्टेप हिरवी आणि फोल्डरचा पत्ता नाही! म्हणून हिरव्या खुणेवर विसंबू नका. प्रोजेक्ट बनल्यावर लगेच दोन ओळींची तपासणी घाला: पॅकेज.जेसन आहे ना, आणि टाइपस्क्रिप्टची खूण असलेली टीएसकॉन्फिग.जेसन नाही ना. चुकलं तर तिथेच जॉब पाडा. चाळीस ओळी खाली जाऊन पडला की मूळ शोधता शोधता दुपार होते.

माझ्या स्क्रिप्टमध्ये आता महत्त्वाची उत्तरं लिहून दिलेली आहेत: --जेएस, --अॅप, --ईएसलिंट, --नो-टेलविंड, --नो-एसआरसी-डिर, --यूज-एनपीएम. कमांड लांबलचक दिसते, दिसू दे. टेलविंड या सीएसएस टूलचं नाव काढलं नाही म्हणजे ते येणार नाही असं नाही, ‘नो’वालं रूप स्पष्ट द्यावं लागतं. ‘--यस’ हा शॉर्टकट मात्र मी काढून टाकला. न दिलेल्या पर्यायांना तो मागची उत्तरं लावतो, म्हणजे पुन्हा लॅपटॉप वेगळा आणि सर्व्हर वेगळा.

‘@लेटेस्ट’ (नेहमी सर्वांत नवी आवृत्ती आण)सुद्धा काढलं. आवृत्तीचा नेमका आकडा घातलाय, आणि तो बदलायचा झाला की आधी रिकाम्या होमवर, सीआय=ट्रू लावून, एकदा हाताने चालवतो.