डेल्फीत स्वतःचे कंपोनंट बनवताय? डिझाइन-टाइम आणि रनटाइमच्या या चुका टाळा

दसऱ्यानंतर वणी-पांढरकवडा पट्ट्यात कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की जिनमधल्या काट्याला दिवसभर उसंत नसते. त्या काट्यावरचं सॉफ्टवेअर अडलं तर बाहेर ट्रॅक्टरची रांग लागते आणि शेतकरी उन्हात ताटकळतो. म्हणून तालुक्याच्या गावी बसून जिन, दालमिल, बाजार समितीसाठी डेल्फी या प्रोग्रॅमिंग साधनात काम करणाऱ्यांनी कंपोनंटची (फॉर्मवर ठेवून वापरता येणाऱ्या तयार भागाची) मांडणी पहिल्या दिवसापासून नीट करावी, असं माझं ठाम मत आहे.

काट्याचाच कंपोनंट घेऊ. इंडिकेटर (वजन दाखवणारा डबा) सिरियल केबलने कॉम पोर्टवर वजन पाठवतो, कंपोनंट ते वाचतो. फॉर्म बनवताना, म्हणजे डिझाइन-टाइमला, ऑब्जेक्ट इन्स्पेक्टरमध्ये (प्रॉपर्टी भरायच्या खिडकीत) पोर्टची यादी उघडावी म्हणून आपण प्रॉपर्टी एडिटर लिहितो. हा एडिटर कंपोनंटच्याच युनिटमध्ये (कोडच्या फाइलमध्ये) कोंबला, तिथेच घोळ सुरू होतो. यूजेसमध्ये, म्हणजे त्या फाइलला लागणाऱ्या युनिटांच्या यादीत, डिझाइनइंटफ आणि डिझाइनएडिटर्स येतात आणि साधं ॲप्लिकेशनही 'डिझाइनइंटफ युनिट सापडत नाही' म्हणून अडतं. मग कुणीतरी सुचवतं, टूल्सएपीआय फोल्डर सर्च पाथमध्ये टाका. तसं केलं की प्रॉक्सीज.डीसीयू (कंपाइल केलेलं युनिट) सापडत नाही, अशी तक्रार येते. ती फाइल शोधत बसू नका. ते युनिट डिझाइनआयडीई पॅकेजच्या (युनिटांच्या गठ्ठ्याच्या) आत आहे आणि ते पॅकेज ग्राहकाला द्यायची परवानगीच नाही. डेल्फी 6 च्या, म्हणजे 2001 च्या आधीचा कोड हाती आला असेल तर त्यात डीएसजीएनइंटफ हे जुनं युनिट दिसेल. त्याच्या जागी आता वरची दोन युनिटं आहेत, पण ती फक्त डिझाइनच्या पॅकेजमध्ये.

उपाय एकच. दोन पॅकेजेस करा. रनटाइम पॅकेजमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रॅमला लागणाऱ्या पॅकेजमध्ये, काट्याचा कंपोनंट. डिझाइन पॅकेजमध्ये प्रॉपर्टी एडिटर आणि डेल्फीला कंपोनंटची ओळख करून देणारी रजिस्टर प्रोसिजर, आणि त्याच्या रिक्वायर्समध्ये (लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) रनटाइम पॅकेज व डिझाइनआयडीई. डिझाइनला रनटाइम माहीत असावं, रनटाइमला डिझाइनचा पत्ताही नसावा. पहिल्याला रनओन्ली, दुसऱ्याला डिझाइनओन्ली लावून टाका, म्हणजे गफलत लगेच कळते.

रिक्वायर्समध्ये रनटाइम पॅकेज लिहायचं राहिलं तर कंपायलर ते युनिट गुपचूप डिझाइन पॅकेजमध्ये ओढून घेतो आणि 'इम्प्लिसिटली इम्पोर्टेड' अशी वॉर्निंग देतो. वॉर्निंगच आहे म्हणून पुढे जाऊ नका. नंतर आयडीई, म्हणजे डेल्फीचा कोड लिहायचा प्रोग्रॅम, सांगते की हेच युनिट दुसऱ्या पॅकेजमध्येही आहे, आणि पॅकेज लोड करायला नकार देते.

दुसरं दुखणं ॲक्टिव्ह प्रॉपर्टीचं, आणि यात लोक फार वेळ घालवतात. फॉर्मवर ॲक्टिव्ह ट्रू केलं की कंपोनंट आयडीईतच कॉम पोर्ट उघडून बसतो. मग प्रोग्रॅम चालवला की पोर्ट मिळत नाही, आणि दोष केबलला, इंडिकेटरला, यूएसबी कन्व्हर्टरला दिला जातो. सेटरमध्ये (प्रॉपर्टीला किंमत देणाऱ्या मेथडमध्ये) कंपोनंटस्टेटमध्ये सीएसडिझायनिंग, म्हणजे फॉर्म आयडीईत उघडा असल्याची खूण, आहे का ते बघा. असेल तर किंमत साठवा, पोर्टला हात लावू नका. त्याच जागी सीएसलोडिंगही तपासा. फॉर्म वाचला जात असताना ॲक्टिव्ह आधी आणि पोर्टचं नाव नंतर येऊ शकतं, तेव्हा चुकीचा पोर्ट उघडतो. खरं उघडण्याचं काम फॉर्म वाचून झाल्यावर चालणाऱ्या लोडेड मेथडमध्ये करा.

रजिस्टर लिहिताना आर कॅपिटलच हवा. डेल्फी एरवी लहान-मोठी अक्षरं मानत नाही, पण इथे मानते. छोटा आर टाकला तर पॅकेज इन्स्टॉल होतं, कंपोनंटच्या यादीत (पॅलेटवर) मात्र काही दिसत नाही.

ॲप्लिकेशन 64-बिट करायचं असेल तर रनटाइम पॅकेज दोन्ही प्लॅटफॉर्मसाठी कंपाइल करा आणि लायब्ररी पाथही दोन्हीकडे वेगळा भरा. एकीकडे भरला की दुसरीकडे आपोआप लागत नाही. 32-बिट आयडीईला डिझाइन पॅकेज 32-बिटचंच लागतं.

एडिटरमधली चूक आयडीईलाच पाडते, आणि सुरू होताच पॅकेज लोड होत असेल तर आयडीई उघडणंही मुश्कील होतं. त्यासाठी रन पॅरामीटर्समध्ये होस्ट ॲप्लिकेशन म्हणून बीडीएस.ईएक्सई, म्हणजे आयडीईच, द्या आणि -आर स्विचने वेगळं रजिस्ट्री नाव द्या. दुसरी आयडीई उघडते, तिच्यात पॅकेज इन्स्टॉल करून पहिल्या आयडीईत ब्रेकपॉइंट लावता येतात, आणि रोजच्या कामाची आयडीई शाबूत राहते.