तळमजल्याचा शून्य गमावू नये म्हणून: डिफॉल्ट मूल्यांचे ऑपरेटर कसे वापरावेत

मुलुंडमधील एखाद्या गृहनिर्माण सोसायटीच्या सभासदांची माहिती आणि दरमहाचे देखभाल बिल दाखवणारे वेबपान करायचे आहे, असे धरू. सगळ्याच नोंदी पूर्ण नसतात. कोणाचा मजला लिहायचा राहिलेला असतो, तर कोणाच्या पार्किंगच्या रकान्यात नल (मूल्य नाही, असे सांगणारी खूण) असतो. अशा वेळी डिफॉल्ट मूल्य, म्हणजे माहिती नसताना वापरायचे मूल्य, देण्यासाठी अनेक जण सवयीने पुढील ओळ लिहितात:

मजला = सभासद.मजला || "नोंद नाही"

जावास्क्रिप्टमध्ये || हा ऑपरेटर डावीकडचे मूल्य फॉल्सी (अटीत 'खोटे' धरले जाणारे) असले की उजवीकडचे देतो, आणि फॉल्सी मूल्यांत नल व अनडिफाइन्ड (मूल्य दिलेच नसल्याची खूण) यांच्याबरोबर शून्य, रिकामी स्ट्रिंग (अक्षरे नसलेला मजकूर), नॅन (अंक नसलेले गणिती उत्तर) आणि फॉल्स हेही येतात. तळमजला ० म्हणून साठवलेला असेल, तर तिथल्या प्रत्येक बिऱ्हाडापुढे 'नोंद नाही' असे दिसू लागते. सभासदाने नीट भरलेली माहिती आपल्या कोडमुळे नाहीशी होते. म्हणून एक्मास्क्रिप्ट २०२० मध्ये आलेला ?? वापरावा. तो फक्त नल किंवा अनडिफाइन्ड आढळल्यावरच उजवीकडचे मूल्य घेतो. सदनिकेची नोंदच नसण्याची शक्यता असेल, तर ?. जोडावा; नोंद नसल्यास तो चूक न दाखवता अनडिफाइन्ड देतो:

मजला = सभासद.सदनिका?.मजला ?? "नोंद नाही"

बेरजेत कंस विसरू नयेत. 'देखभाल + पार्किंग ?? 0' या ओळीत बेरीज आधी होते. पार्किंग अनडिफाइन्ड असल्यास तिचे उत्तर नॅन येते आणि नॅन हे नल किंवा अनडिफाइन्ड नसल्यामुळे ?? त्याला तसेच पुढे जाऊ देतो. बरोबर रूप असे:

एकूण = देखभाल + (पार्किंग ?? 0)

?? आणि || कंसांशिवाय एकत्र लिहिल्यास जावास्क्रिप्ट सिंटॅक्सची चूक दाखवते, आणि हे बंधन हिताचेच आहे.

फंक्शनच्या पॅरामीटरला (फंक्शनला बाहेरून मिळणाऱ्या मूल्याला) दिलेले डिफॉल्ट मूल्य केवळ अनडिफाइन्डसाठी लागू होते, नलसाठी नाही. सर्व्हरकडून येणाऱ्या जेसनमध्ये (माहिती पाठवण्याच्या मजकुरी स्वरूपात) अनडिफाइन्ड नसतेच, नल असते. त्यामुळे त्या डिफॉल्टवर विसंबून न राहता फंक्शनच्या आत ?? लावावा.

फॉर्मच्या बाबतीत अधिक जपावे लागते. न भरलेल्या रकान्यातून नल नव्हे, तर रिकामी स्ट्रिंग मिळते, म्हणून ?? तिथे उपयोगी पडत नाही. त्यातच रिकाम्या स्ट्रिंगचे Number() ने अंकात रूपांतर केले, तर जावास्क्रिप्ट ० देते आणि मजला न लिहिणारा सभासद परस्पर तळमजल्यावर जाऊन बसतो. यासाठी मोकळ्या जागा काढून रकाना रिकामा आहे का, हे आधी तपासावे, रिकामा असल्यास नल साठवावे आणि मगच अंकाचा विचार करावा.

सर्व्हरवर चालणाऱ्या पीएचपी भाषेतही ?? आवृत्ती ७ पासून आहे आणि ॲरेमध्ये (मूल्यांच्या यादीत) हवी ती 'की', म्हणजे मूल्याचे नाव, नसली तरी तो इशारा देत नाही. त्याऐवजी फॉल्सी मूल्य बदलणारा ?: वापरल्यास फॉर्ममधून आलेली "0" ही स्ट्रिंगही गळते, कारण पीएचपी तिला फॉल्सी मानते.

ऑपरेटर बरोबर निवडला, तरी डिफॉल्ट द्यावे की नाही हा प्रश्न उरतोच. पार्किंग नसलेल्या सभासदाला ० रुपये आकारणे योग्य आहे. पण थकबाकीचा रकाना नल असताना तिथे ० धरणे म्हणजे हिशेब तपासल्याविना सभासदाला येणे-बाकी नसल्याचे सांगणे होय. अशा नोंदीचे बिल तयार न करता ती खजिनदारांच्या पडताळणीसाठी वेगळी दाखवावी.